१९५१ची शेव्हरोले पिकअप, छताचं लायनिंग बदलायचंय: पुठ्ठा, रेक्झिन की फोमवालं कापड?

केळीबाग_रावेर · १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आबांची म्हणजे माझ्या आजोबांची १९५१ची शेव्हरोले ३१०० पिकअप आहे, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत गोल वळणाच्या काचा असलेली केबिन. आबांनी ती एका जिनिंगवाल्याकडून जुनीच घेतली होती, आणि मी शाळेत असेपर्यंत केळीचे घड भरून सावद्याच्या स्टेशनावर जायची. नंतर बरीच वर्षं खळ्यातल्या शेडमधे उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी इंजिन सुरू झालं, मागच्या दिवाळीत रंग झाला, आता फक्त आत बसून वर बघितलं की जीव खाली येतो.

छताला मुळात पुठ्ठा आहे, कमानीसारखा वाकवून कडेच्या पत्र्याच्या पट्ट्यांत अडकवलेला. तो मधोमध पोट सुटून खाली आलाय, ड्रायव्हरच्या डोक्यावर ताटाएवढा काळा डाग, आणि मागच्या बाजूला उंदरांनी कुरतडलाय. जळगावात दोन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला पुठ्ठा फेका, सरळ पत्र्यावर फोमवालं कापड चिकटवून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणाला रेक्झिन मारा, पुसायला सोपं. अमेरिकेतून तयार कापलेला पुठ्ठा मागवता येतो पण खोकं एवढं मोठं की भाडं आणि कस्टम मिळून मालापेक्षा जड होतं.

गाडी शोमधे उभी करायची नाही, रावेर-सावदा-फैजपूर चालवायची आहे, मे महिन्यात सुद्धा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. काय करू?

भुसावळकर · १४ एप्रिल

पत्र्यावर सरळ चिकटवू नका भाऊ, कळकळीने सांगतो. माझ्या जुन्या व्हॅनला असंच केलं होतं, पहिला उन्हाळा छान गेला, दुसऱ्या मे महिन्यात जामनेर रोडला गाडी चालवताना मागून फडका सुटत सुटत पुढे आला आणि थेट माझ्या डोक्यावर पडला, समोरचं दिसेना, शेजारी बायको होती तिने हाताने वर धरून ठेवलं म्हणून गाडी बाजूला घेता आली. नंतर ओढून काढलं तर कापड एकीकडे, आणि छताला पिवळा भुसा चिकटलेला, हात लावला की गळतोय. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या छतावर पोळी भाजेल एवढा पत्रा तापतो आपल्याकडे, तिथे गोंदाचं काय राहणार.

कुशनकाम_जळगाव · १५ एप्रिल

मी बावीस वर्षं हेच काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भुसावळकर दादांच्या गाडीत गोंद सुटला नव्हता, फोम मेला होता. तो पिवळा भुसा म्हणजे कापडाच्या पाठीचा फोम. हेडलायनरच्या, म्हणजे छताच्या लायनिंगच्या, कापडाला मागे तीन-चार मिमीचा पॉलियुरेथेन फोम लावलेला असतो, ऊन आणि पावसाळ्यातला दमटपणा मिळून तो आतून कुजतो, भुगा होतो. गोंद पत्र्याला धरून राहतो, कापड फोमला धरून राहतं, मधला फोमच तुटतो. म्हणून जुन्या फोमवर परत गोंद मारून नवीन कापड चिकटवणारे लोक गिऱ्हाइकाला फसवतात असं मी स्पष्ट म्हणतो, ते सहा महिने टिकत नाही. तारेच्या नाही, कडक नायलॉनच्या ब्रशने सगळा भुसा काढून पुठ्ठा उघडा पडेपर्यंत घासलाच पाहिजे.

आणि गोंद. डब्यावर उष्णता सहन करणारा असं लिहिलेलं सोल्युशनच घ्या, दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकट लागेल पण तार येणार नाही अशा वेळी मधून कडेकडे दाबत न्यायचं. ओला असताना चिकटवला तर आत कोंडलेली गोंदाची वाफ उन्हात फुगते आणि फोड येतात.

या गाडीला माझं मत: फोम नको. पातळ विणलेलं कापड, फोमशिवाय, कडक बोर्डावर. रेक्झिन वाईट नाही, धूळ पुसून निघते, पण बंद गाडीत वास मारतं आणि स्वस्तातलं रेक्झिन चार उन्हाळ्यांत कडक होऊन आक्रसतं, कडा सोडतं.

एमआयडीसी_जळगाव · १५ एप्रिल

बोर्ड कशाला, पीव्हीसीची फोम शीट घ्या ना तीन मिमीची, ज्याला सगळे सनबोर्ड म्हणतात. पाणी लागत नाही, उंदीर खात नाही, हलकी, कटरने कापते. जळगावात पाहिजे तेवढी मिळेल.

पांझराकाठ_धुळे · १५ एप्रिल

दादा, ऑफिसच्या पार्टिशनला ठीक आहे, या छताखाली नको. ती शीट साधारण साठ अंशांच्या वर नरम पडायला लागते आणि बंद गाडीच्या छताला आपल्याकडे त्याहून जास्त ताप बसतो. मी केलेली आहे, माझ्याकडेही याच मॉडेलची गाडी आहे पण मागे कोपऱ्यात काचा नसलेली. एप्रिलमधे सरळ होती, जूनमधे दोन स्क्रूंच्या मधे झोळी झालेली. एबीएसची शीट त्यापेक्षा बरीच जास्त उष्णता झेलते, फक्त तिला काचेतून येणारं ऊन सोसत नाही, पिवळी पडून ठिसूळ होते, आणि तापली की पसरते म्हणून कडेला जागा सोडावी लागते.

एमआयडीसी_जळगाव · १५ एप्रिल

मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाऊ, माझा सल्ला सोडून द्या.

अमळनेरकर · १६ एप्रिल

भाऊ, गाडी लई भारी शे तुमनी. पन कापडनं नंतर देखा, पह्यले पानी कथाईन येस ते देखा. डाग पडेल शे म्हनजे पानी येस.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. तुम्ही सगळे खालून काय लावायचं ते बोलताय, पण पुठ्ठा खालून खराब झाला नाही, वरून झालाय. जुना पुठ्ठा सावकाश काढा आणि आतून पत्रा बघा. छताच्या कडेला जी पन्हाळ असते, गटर, तिच्या जोडातलं सीलर सत्तर वर्षांत वाळून भेगाळलेलं असणारच. पाणी तिथून आत येतं आणि पत्र्याच्या आतल्या वळणाने वाहत जाऊन कुठेतरी भलतीकडे टपकतं. डाग ड्रायव्हरच्या डोक्यावर असला तरी भोक तिथे असेल असं नाही.

आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, पत्र्याला आतून पिठासारखी खडूची पावडर लावा, बाहेरून पाइपाने हळू पाणी सोडा, आधी काचेच्या रबराखाली, मग गटर, मग छत, असं खालून वर या. एकदम वरून सोडलं तर सगळीकडून एकदम येतं आणि काहीच कळत नाही. जिथे पावडर ओली होऊन रेघ उमटली ती जागा.

सावदा_ताई · १६ एप्रिल

माझ्या वडलांचं सीट कव्हर आणि हूडचं दुकान होतं, मी लहानपणापासून हातात कात्री धरली आहे. तुमची गाडी मी स्टेशनाबाहेर उभी असलेली पाहिली असेल, त्या काळात अशी एकदोनच यायच्या.

जुना पुठ्ठा फेकू नका, फाटला तरी, तुकडे झाले तरी. तेच तुमचं माप आहे. तुकडे जमिनीवर पसरून मागून टेपने जोडा, पोट सुटलेला भाग ओला करून फळीखाली दाबून सपाट करा, मग ब्राऊन पेपरवर उतरवून घ्या. कडा कुरतडलेल्या असतील तिथे अंदाजाने दोन बोटं जास्त ठेवा, कापता नंतरही येतं.

नवा बोर्ड मी तुम्हाला तीन मिमीचा हार्डबोर्ड सांगेन, प्लायवुडच्या दुकानात आठ बाय चारचा मिळतो, एक बाजू गुळगुळीत आणि एक जाळीदार. कोरडा वाकवला तर मधे कडकन मोडतो. जाळीच्या बाजूला फडक्याने पाणी लावा, भिजवून चिंब नाही, आणि अर्धा तास राहू द्या. मग गाडीच्या छतावर बाहेरून जुनी गोधडी अंथरा, त्याच्यावर बोर्ड ठेवा, वरून पट्ट्यांनी दोन्ही बाजूंना खाली ओढून बांधा आणि दोन दिवस सावलीत तसाच राहू द्या. छताची गोलाई छतच देतं. सुटला की साधारण त्याच आकारात राहतो. एक अखंड बसवायच्या नादी लागू नका, दारातून आत जाताना मोडेल, लाइटच्या रेषेत दोन भाग करा आणि सांध्यावर पट्टी.

वाकून वाळल्यावरच व्हार्निश, आधी नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन हात, आणि कडांना तीन. बोर्ड पाणी पितो तो कडेनेच, लोक पाठ रंगवतात आणि कडा विसरतात.

केळीबाग_रावेर · १६ एप्रिल

ताई, छतावरच बोर्ड वाकवायचा हे मला आयुष्यात सुचलं नसतं. रविवारी पुठ्ठा काढतो आणि पाण्याचं करून बघतो.

केळीबाग_रावेर · २० एप्रिल

काढला. तीन तुकडे झाले पण सगळे जपून ठेवलेत. वर पत्र्यावर गंज आहे, बहुतेक ठिकाणी वरवरचा, तांबडी पावडर, पण डाव्या बाजूला गटरच्या आत बोटभर लांब जागा खरखरीत झालीय, स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर आरपार नाही गेलं. माझा चुलतभाऊ आत बसला, मी पाणी सोडलं. अमळनेरकर दादा, तुम्ही म्हणालात तसंच. डाग उजव्या बाजूला, पाणी येतंय डाव्या गटरमधून, पत्र्याला मधे जी आडवी पट्टी आहे तिच्यावरून वाहत पलीकडे जाऊन टपकतं. शिवाय आरशाच्या जुन्या स्क्रूचं एक भोक नुसतं पुट्टीने बुजवलेलं होतं, तेही गळतंय.

मंडळी, रंग करायच्या आधी हे बघायला पाहिजे होतं. आता पुढे सांगा.

पांझराकाठ_धुळे · २० एप्रिल

रंग वाचवता येईल, काळजी करू नका. गटरमधलं जुनं सीलर लाकडी पट्टीने उकरून काढा, लोखंडी हत्यार लावू नका, थिनरने पुसा, ऑटोमोबाइलचं पॉलियुरेथेन सीलर भरा आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करा. आतून गंज तारेच्या ब्रशने काढून फॉस्फरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, ते वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साईडवर थांबू नका, ओल त्याच्यातून जाते.

पण त्याआधी एक फार महत्त्वाचं. तुमच्या गाडीची पेट्रोलची टाकी कुठे आहे? १९४९पासून या मॉडेलची टाकी केबिनमधे सीटच्या मागे आली. म्हणजे तुम्ही आत बसून थिनर, सोल्युशन, प्रायमर मारणार आणि पाठीमागे सत्तर वर्षांची टाकी. टाकी रिकामी करून बाहेर काढा, बॅटरी सोडवा, दोन्ही दारं उघडी आणि एक पंखा बाहेरून आत वारा मारेल असा, आतला पंखा चालणार नाही, ठिणगी पडते. ग्राइंडर तर टाकी बाहेर असल्याशिवाय लावूच नका. टाकी काढलीच आहे तर तिचा फिलरचा रबरी पाइप बदलून घ्या, तो तडकला की केबिनमधे पेट्रोलचा वास येतो आणि नवं कापड तो वास धरून ठेवतं.

दुसरं, लाइटची वायर. या गाड्यांना मूळ सहा व्होल्ट आहे, म्हणजे तेवढ्याच प्रकाशासाठी बारा व्होल्टपेक्षा दुप्पट करंट. जुनी वायर कापडाच्या आवरणाची असते, ती हाताला लागताच सुटते. बोर्ड बसवायच्या आधी जाड वायर टाका, पत्र्याच्या कडेतून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी कडी. एकदा लायनिंग बसलं की तिथे हात जात नाही.

भुसावळकर · २१ एप्रिल

आणि उष्णतेचं? लायनिंगच्या वर काही घालणार की नाही? आमच्याकडे पूर्वी लोक कापसाचा नमदा घालायचे, पिंजलेला कापूस दाबून. कापूस तर घरचाच.

सावदा_ताई · २१ एप्रिल

नमदा मीही घातलाय वडलांच्या हाताखाली, आणि काढलाही मीच आहे. थंड राहतो हे खरं. पण एकदा पाणी लागलं की दिवाळीपर्यंत वाळत नाही, पत्र्याला ओला पोटीस बांधल्यासारखं होतं. आणि उंदरांना तर आयतं बाळंतपणाचं घर. शेडमधे सरकीची पोती असतील तर विचारूच नका.

कुशनकाम_जळगाव · २१ एप्रिल

ताईंशी सहमत. बंद पेशीचा फोम घ्या, नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक पॉलिथिन, सहा ते दहा मिमी, तो पाणी पीत नाही. पत्र्याला पूर्ण चिकटवा. त्याच्याआधी आवाजासाठी ब्युटाइलची शीट मधल्या सपाट भागावर तीस-चाळीस टक्के लावली तरी पत्र्याचा डब्यासारखा खणखणाट जातो, सगळं छत मढवायची गरज नाही. डांबराची शीट स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, मे महिन्यात वितळून वास मारते आणि बोर्डावर गळते, मी गिऱ्हाइकाच्या शर्टावर गळलेली पाहिली आहे.

चांदीसारखी चमकणारी बुडबुड्यांची शीट लोक फार घेतात. ती तेव्हाच काम करते जेव्हा चमकत्या बाजूसमोर मोकळी हवा असते. पत्र्याला चिकटवून टाकली की चमकेचा उपयोग संपला, उरतो फक्त पातळ प्लॅस्टिकचा थर.

तापीकाठ · २२ एप्रिल

एक शंका. ही गाडी व्हिंटेजमधे नोंदवायची असेल तर असे बदल चालतात का?

पांझराकाठ_धुळे · २२ एप्रिल

२०२१च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी, धंद्यासाठी न वापरलेली, आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नको असं आहे. लायनिंग त्यात येत नाही. मूळ रूप जपायचं असेल तर दिसणारी बाजू जुन्यासारखी ठेवा, वरचे थर कोणाला दिसत नाहीत. बाय द वे, या गाड्या बहुतेक शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून निघालेल्या, १९२८ ते १९५४ तिथे जुळणी होत होती, त्यामुळे चासी नंबरची पाटी रंगात बुजली नसेल तर स्वच्छ करून फोटो काढून ठेवा.

केळीबाग_रावेर · २६ मे

महिनाभर लिहिलं नाही, काम चालू होतं. सांगतो काय काय झालं.

टाकी काढली. फिलरचा पाइप खरंच तडकलेला निघाला, धुळ्याच्या दादांचे आभार. गटर उकरलं, सीलर भरलं, आरशाचं भोक वेल्डिंग न करता आतून पत्र्याचा तुकडा इपॉक्सीने लावून बंद केलं कारण वेल्डिंगने बाहेरचा रंग जळला असता. कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर दोन हात. मग परत पाणी सोडलं, अर्धा तास, पावडर कोरडी. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

हार्डबोर्डचा पहिला तुकडा मोडला. घाई केली, दहा मिनिटांतच वाकवला. दुसरा ताईंनी सांगितलं तसा, गोधडीवर बांधून दोन दिवस. मागच्या कोपऱ्यात काचांच्या वर गोलाई दोन्ही बाजूंनी आहे, तिथे बोर्ड कुठल्याही उपायाने बसेना, शेवटी कडेपासून आत चार बारीक चिरा दिल्या तेव्हा बसला, कापडाखाली दिसत नाहीत. व्हार्निश, कडांना तीन हात. कापड फिक्कट राखाडी, फोमशिवाय, कडेला दोन इंच मागे वळवून चिकटवलं.

आणि एक मी माझ्या मनाने केलं. बोर्ड कुठेही छताला चिकटवला नाही. कडेला जुन्याच पट्ट्या, मधे सांध्यावर पट्टी आणि सहा स्क्रू, खाली वाटीसारखे कपवॉशर घालून. दर दिवाळीनंतर मागचा भाग उतरवून पत्रा बघायचा असं ठरवलंय. हे छत सत्तर वर्षं कोणी उघडून बघितलं नाही म्हणून गंजलं, ते परत बंद करून टाकायला माझा हात धजला नाही. कुशनवाल्या दादांना हे आवडेल की नाही माहीत नाही, स्क्रू दिसतात.

दुपारी दोनला उन्हात उभी करून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. बाहेर छत ७१, आत कापड ४८. पुठ्ठा नसताना, नुसता पत्रा होता तेव्हा आतून ६९ दाखवत होता.

कुशनकाम_जळगाव · २६ मे

स्क्रू दिसू देत भाऊ. मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो पण कोणाला पटत नाही, सगळ्यांना एकसंध पाहिजे. कपवॉशर पितळी घेतले असतील तर उत्तम, लोखंडी असतील तर बदला, घामट हवेत कापडावर गंजाची कडी उमटते.

आता जपायचं कसं तेही ऐका. उभी असताना दोन्ही काचा बोटभर खाली ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला लागेल अशी टाकू नका, खाली ओल कोंडते, सुती अस्तराचं कव्हर घ्या. कापड कधी धुवायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, डाग पडला तर जेमतेम ओलं फडकं, चोळायचं नाही. आणि उंदीर येतात पेडलच्या भोकांतून आणि हिटरच्या पाइपाच्या जागेतून, तिथे बारीक जाळी मारा.

केळीबाग_रावेर · २६ मे

लोखंडी आहेत. उद्याच बदलतो.

केळीबाग_रावेर · ९ जुलै

काल रात्री सातपुड्याकडून पाऊस जोरात आला, चार तास थांबला नाही, आणि गाडी मुद्दाम शेडबाहेर ठेवली होती. सकाळी सहाला जाऊन आधी छताला हात फिरवला. कोरडं. सांध्याची पट्टी काढून आत बोट घातलं, तिथेही कोरडं. आईला आत बसवून फैजपूरपर्यंत जाऊन आलो, ती पूर्ण रस्ता वरच बघत होती.

अमळनेरकर · ९ जुलै

झकास! आते चिंता नही.

पांझराकाठ_धुळे · १० जुलै

मनापासून अभिनंदन. आता माझं काम. तुमचं ब्राऊन पेपरचं माप मला पाहिजे. माझ्या केबिनला मागे कोपऱ्यात काचा नाहीत, त्यामुळे मागचा तुकडा तुमचा बसणार नाही हे दिसतंय, पण पुढचा, काचेपासून लाइटपर्यंतचा, सारखाच असावा असा अंदाज आहे.

केळीबाग_रावेर · १० जुलै

जुन्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे आणि पेपर, सगळं आणतो. रविवारी माल घेऊन पारोळ्याला येतोय, तिथून धुळं लांब नाही. पण तुमचा जुना पुठ्ठा काढू नका मी येईपर्यंत, आधी तो जागेवर असतानाच त्याच्यावर माझा पेपर धरून बघू. आणि पाइप लांब ठेवा, आल्यावर पहिलं पाणीच सोडायचंय.

सावदा_ताई · १० जुलै

मागच्या तुकड्याचं माप घ्यायला मी येते. कात्री माझी आणते.